टॅपेटची पैज

"आई, आता बास झालं. उद्यापासनं आबांना घरी बसवायचं."

आमचे हे असं म्हणत स्वयंपाकघरात शिरले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले होते आणि मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर चपलांचे काळे ठसे उमटत होते. एरवी मी तिथंच तोंड सोडलं असतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "आज काय केलं त्यांनी?"

"कागलचा तो जीपवाला. त्यानं घसा फोडून सांगितलं, नुसत्या रिंगा बदला, बाकी कशाला हात लावू नका. आबांनी व्हय व्हय म्हणून मान हलवली. आणि आज बघतोय तर सिलिंडर बोअर करून ठेवलेत! आता कापलेलं लोखंड काय खळ लावून चिकटवू?"

"त्यांना ऐकू आलं नसंल रे सर्जा."

"तेच म्हणतोय मी! ऐकू येत न्हाई ते न्हाई, वर मान हलवत्यात!"

माझे सासरे जोतीराम साळोखे म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या गाड्यांच्या इंजिनांचे धन्वंतरी. बेळगावपासून साताऱ्यापर्यंत कुणाचीही जुनीपुराणी मोटार बंद पडली की ती शेवटी आमच्या दारात येऊन उभी राहायची. हे मी सांगत नाही, ते स्वतःच सांगायचे, आणि दिवसातनं दोनतीनदा तरी सांगायचे. नम्रपणा वगैरे आमच्या मामंजींनी कधी वापरायला काढला नाही. पण गेल्या काही वर्षांत त्यांचे कान गेले होते. साठीही गाठली नव्हती अजून. त्यांना मात्र वाटायचं की लोकच अलीकडं हळू बोलायला लागलेत.

आणि मी? माझं माहेर गगनबावड्याकडचं, डोंगरातलं. या टेकडीवरनं त्या टेकडीवरच्या माणसाची चौकशी करायची सवय. लग्न ठरवायला आले तेव्हा माझा आवाज ऐकून ह्यांची मावशी दचकली होती म्हणे. पण सासरी हाच आवाज कामाला आला. मामंजींना घरात फक्त माझं बोलणं पोचायचं. त्यामुळं कुणाला त्यांना काही सांगायचं असलं की, "शालन, सांग गं जरा!" वर्ष व्हायच्या आत मी घरातला भोंगा झाले होते.

तेवढ्यात मामंजी जेवायला आले. हात धुतले, पाटावर बसले, आणि सगळ्यांचे चेहरे बघून म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

"शालन, सांग त्यांना," हे म्हणाले.

मी सांगितलं. सगळं, जीपवाल्यासकट. शेजारच्या लेथवरचा माणूससुद्धा मशीन बंद करून ऐकत असणार.

मामंजींनी भाकरी मोडली. मग म्हणाले, "जीपवाल्याचं माझ्याकडनं चुकलं. त्याचं मी बघतो. पण म्हणून जोती मिस्त्रीनं घरात बसून शेंगा फोडायच्या? सर्जेराव, मगदूम डॉक्टरांची ऑस्टिन खोललीय मी. अष्टमीला इंजिन चालू करतो. आठ टॅपेटांतला एक जरी चुकला तर किल्ल्या तुझ्या. मी घरात बसतो, तुमचं ते कानातलं मशीनबी घालतो. आणि आठीच्या आठी बरोबर निघाले तर या घरात माझ्या कानाचा विषय कुणी काढायचा न्हाई. कुणीच न्हाई!"

हे शेवटचं ते आत्याबाईंकडं बघून म्हणाले. कारण त्या मशीनसाठी मागं लागल्या होत्या त्या आत्याबाईच.

"कबूल," हे म्हणाले. "पण सगळ्यांच्या समोर. टॅपेट लावायच्या वेळी तुम्ही सगळ्यांना चहाला पिटाळता, ते चालायचं न्हाई."

मी ते ओरडून सांगितलं. मामंजींचा घास हातातच राहिला. खरंच, टॅपेट लावताना ते वर्कशॉपचं दार आतनं लावून घ्यायचे. आम्हाला वाटायचं, गुपित जपतायत. कारागीर माणूस, असायचंच काहीतरी.

"कबूल," ते म्हणाले, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

संध्याकाळी लसूण सोलताना आत्याबाई मला म्हणाल्या, "शालन, देवीला काय मागू गं मी? ते हरू देत म्हणू का जिंकू देत म्हणू?"

"म्हणजे?"

"हरले तर घरात बसतील. बिनकामाचा हा माणूस चार महिने जगायचा न्हाई. आणि जिंकले तर मग कानाचं नाव काढायचं न्हाई. मी बोलायचं आणि त्यांनी मान हलवायची, मरेपर्यंत." त्यांनी लसणाची टरफलं पदरातनं झटकली. "माझा भाऊ गेला त्याच्या आधी त्यांना सांगितलं, तो आजारी हाय. तर म्हणाले, व्हय व्हय, टाक की आमटीत."

मला हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "मी सांगत जाईन की तुमचं त्यांना." त्यावर त्यांनी माझ्याकडं असं काही बघितलं की मीच ओशाळले. नवराबायकोचं बोलणं सुनेनं गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं, हे कसं चालणार?

अष्टमीची दुपार झाली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. उद्यमनगरात खंडेनवमीला पाना-हातोडी धुऊनपुसून पूजेला बसतात, मग दसऱ्यापर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही. त्यामुळं जे व्हायचं ते आजच. डॉक्टर मगदूम स्वतः आले होते. कान-नाक-घशाचे डॉक्टर, पण जीव सगळा त्या हिरव्या ऑस्टिनमध्ये. वडिलांची गाडी होती त्यांच्या. दसऱ्याला सोनं वाटायला ती बाहेर काढायची म्हणून उतावीळ झाले होते. पैजेचं त्यांच्याही कानावर गेलं होतंच. आमच्या घरातलं काय लपून राहणार, मी असताना!

मामंजींनी इंजिन सुरू केलं. गरम होऊ दिलं. वरचं झाकण काढून ठेवलेलं, त्यामुळं आतले आठ रॉकर टकाटका नाचताना दिसत होते.

"शालन, इकडं ये," मामंजी म्हणाले. "ह्यो रॉकर. ह्यो खाली दाबतो तो व्हॉल्व्ह. दोघांच्या मधी फट पाहिजे. केसाएवढी. का?"

"का?" मी ओरडले.

"लोखंड तापलं की वाढतं. सुतार दाराला फट ठेवतो न्हाई का, पावसात फुगतंय म्हणून? तसंच. फट ठेवली न्हाई तर व्हॉल्व्ह मिटतच न्हाई, जळून जातो. फट जास्ती झाली तर टकटक टकटक, शिवणयंत्रावानी. बरोब्बर फट सापडली पाहिजे. आठ ठिकाणी. ह्यालाच टॅपेट लावणं म्हणत्यात."

"ती फट मोजायला फिलर असतो," ह्यांनी खिशातनं पोलादी पट्ट्यांचा जुडगा काढून दाखवला. "पट्टी घालायची, जराशी अडत सरकली की झालं. आबा कधी वापरतच न्हाईत."

"मग ते काय वापरतात?" डॉक्टरांनी विचारलं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही सगळे मामंजींकडं बघत राहिलो. त्यांनी टोपी मागं सरकवली, पुढं घेतली. लाकडी मुठीचा लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर उचलला, परत ठेवला. एकदा दाराकडं बघितलं. नव्या नवरीनं उखाणा घ्यायच्या वेळी करावं तसं चाललं होतं त्यांचं. शेवटी "तिच्या मारी!" म्हणाले, स्क्रू-ड्रायव्हर उचलला, त्याचं टोक रॉकरच्या बुडाशी टेकवलं, वाकले, आणि मूठ दातांत धरली.

डोळे मिटून घेतले. आठही जागा तशाच फिरले. इंजिन बंद केलं, पाना लावून एका ठिकाणी चिमूटभर ढिलं केलं, दुसरीकडं आवळलं. परत चालू, परत दातांत मूठ. मिशीवर तेलाचे शिंतोडे, कपाळावर घाम. आम्ही कुणी हललो नाही. आणि हळूहळू ती टकटक विरत गेली. राहिला तो नुसता गुळगुळीत आवाज, दूध उतू जायच्या आधी करतं तसला.

मामंजींनी इंजिन बंद केलं आणि तोंड पुसलं. "झालं. बघ तुझ्या फिलरनं."

ह्यांनी पट्टी लावली. पहिल्याच ठिकाणी ती आत जाईना. दुसऱ्या ठिकाणी जाईना. सगळीकडं तेच.

"आबा, आवळलेत तुम्ही सगळे! फटच न्हाई. आवाज येऊ नये म्हणून आवळून टाकलंत! पन्हाळ्याचा घाट चढायच्या आत व्हॉल्व्ह जळतील." माझ्याकडं वळून म्हणाले, "सांग त्यांना. हरले म्हणावं."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मी मामंजींकडं बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज फुटेना. पण काही सांगायची गरजच पडली नाही. लेकाचा चेहरा त्यांना वाचता येत होता.

ते चिडले नाहीत. शांतपणे रॉकर सोडवला, उलटा केला आणि ह्यांच्यापुढं धरला. "बोट फिरव."

ह्यांनी फिरवलं. परत फिरवलं. मग माझ्याकडं दिला. रॉकरचं जे तोंड व्हॉल्व्हवर आपटतं तिथं नखाला लागेल न लागेल असा खड्डा पडला होता.

"इतकी वर्षं आपटून आपटून पडलाय," मामंजी म्हणाले. "नवा रॉकर कुठं मिळत न्हाई आता. तुझी पट्टी रुंद. ती खड्ड्यावर आडवी बसती, पुलावानी. खड्ड्यातली फट ती मोजतच न्हाई. तिच्या हिशोबानं लावलं असतंस तर डॉक्टरांची गाडी गावभर खडखडत गेली असती." त्यांनी खिशातनं एक फिलरचीच पट्टी काढली, घासून घासून काडीएवढी अरुंद केलेली. "झालेलं ताडून बघायला केलीय. जाडी तीच हाय. मोजून बघ. आणि आता घाल."

ह्यांनी रॉकर परत बसवला आणि काडी घातली. जराशी अडत, अलगद सरकली. दुसरीकडं सरकली. आठी ठिकाणी सरकली.

हे हातातली काडी बघत उभे राहिले. मग वाकून वडिलांच्या पायाला हात लावला. आमचे हे हट्टी खरे, पण कामातला खरेपणा दिसला की तिथं आडवं लावत नाहीत, एवढं म्हणेन. "बरोबर हाय आबा तुमचं," ते म्हणाले. हे मात्र मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.

काय खुलले मामंजी! छाती पुढं काढून म्हणाले, "मग? जिंकलो का न्हाई? आता कानाचा विषय बंद. ऐकलं का सगळ्यांनी? बंद म्हणजे बंद!"

त्याच वेळी आत्याबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या कप मांडायला लागल्या. मला वाटलं, पैज लावली बापलेकांनी आणि हरल्या त्या.

डॉक्टर मगदूम मात्र चहाकडं बघेनात. "मिस्त्री, ते दातांनी काय करत होता तुम्ही?"

मी ओरडून विचारलं. मामंजी लाजले. खरंच लाजले. "कानानं येत न्हाई नीट. दातानं येतं. लख्ख येतं. म्हणून दार लावून घेतो. लोक हसतील म्हणून."

डॉक्टर पळतच गेले, दारात उभ्या केलेल्या दुसऱ्या गाडीतनं बॅग घेऊन आले. तिच्यातनं एक दोन टोकांचा चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि मामंजींच्या कानाजवळ धरला. "येतंय ऐकू?" मामंजींनी नकारार्थी मान हलवली. परत आपटला आणि त्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं. मामंजी एकदम ताठ झाले.

"वाजतंय की! घण्ण!"

डॉक्टर हसायलाच लागले. "वहिनी, सांगा त्यांना. कानाची नस ठणठणीत आहे. कानाच्या आत तीन बारकी हाडं असतात, तांदळाहून बारकी. एक दुसऱ्याला ढकलतं, दुसरं तिसऱ्याला, तेव्हा आवाज आत पोचतो. थेट रॉकरसारखं. तुमचं शेवटचं हाड जाम झालेलं दिसतंय. तपासावं लागेल, पण मला बाकी काही वाटत नाही. ते काढून नवं बसवता येतं. मशीनसुद्धा लागणार नाही."

मी एकेक शब्द ओरडून पोचवला. मामंजी आ वासून बघत राहिले.

"माझ्या कानात टॅपेट?"

"तसंच समजा," डॉक्टर म्हणाले आणि मी ओरडले.

"आणि जाम झालाय?"

"जाम."

क्षणभर वाटलं, आता हो म्हणतील. पण साळोख्यांचं रक्त. मान झटकली. "पैज म्हणजे पैज. कानाचा विषय बंद ठरलाय. आणि कशाला पाहिजे ऐकायला? इंजिन मला ऐकू येतंय. माणसं काय बोलत्यात? एकतर घाई करा म्हणत्यात न्हाईतर कमी करा म्हणत्यात."

आत्याबाई रिकामे कप गोळा करत होत्या. त्या माझ्या बाजूला पुटपुटल्या. मामंजींनी ते बघितलं. "काय म्हणाली गं ती?"

"सांगू नकोस," आत्याबाई म्हणाल्या.

पण माझा भोंगा एकदा सुरू झाला की आवरतोय होय? आणि खरं सांगू, मला सांगायचंच होतं. मी शिरा ताणून ओरडले, "आत्याबाई म्हणतात, आता मेल्यावर वरच बोलू म्हणावं! तिथं तरी ऐकू येतंय का बघू!"

पलीकडचा लेथ थांबला. कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरही हसले. आत्याबाई पदर तोंडाला लावून उभ्या, लाजेनं लाल. मामंजी मात्र हसले नाहीत. ते बायकोकडं बघत होते. बराच वेळ बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं इंजिनाशिवाय कशाकडं बघताना पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हेड खोलायला कधी येऊ?"

दिवाळी झाली आणि एका कानाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ते स्वतः केलं, आणि मामंजी त्यांना टेबलावर पडूनसुद्धा फट बरोबर ठेवा म्हणून बजावत होते असं नर्स सांगत होती. कानात बोळा होता तोवर काही कळायचं नव्हतं. बोळा काढला त्या दिवशी ह्यांनीच त्यांना घरी आणलं. रस्त्यात रिक्षाचा हॉर्न वाजला तर रिक्षावाल्याला म्हणाले, "अरे हळू, माणसं हायत इथं!" घरी येऊन मला म्हणाले, "शालन, बाई, तू अशी ओरडतीस होय कायम?" घ्या! चारपाच वर्षं घसा मी फोडला आणि ऐकून काय घेतलं तर हे.

आम्ही सगळे हसत होतो, बोलत होतो. बोलत नव्हत्या त्या एकट्या आत्याबाई. ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मामंजी वर्कशॉपला जायला निघाले, चपला घातल्या, आणि दारातनं परत फिरले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"अगं, बोलत का न्हाईस? आता येतंय की ऐकू."

आत्याबाई भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काय बोलू? सवय गेली."

मला तिथनं उठून जायला पाहिजे होतं. गेले नाही. पीठ मळत बसले आणि पीठ कशानं ओलं होतंय तेच कळेना.

मामंजी उंबऱ्यावर बसले. चपला काढून बाजूला ठेवल्या. "बरं," ते म्हणाले, "मग जुनं सांग. मला ऐकू येत नव्हतं तवा जे जे बोललीस ते. पहिल्यापासनं. मला घाई न्हाई."

मेथीची एक काडी आत्याबाईंच्या हातात तशीच राहिली. मग हळूच म्हणाल्या, "माझा भाऊ गेला तवा तुम्ही..." आणि थांबल्या. मामंजींनी मान हलवली नाही. नुसते वाट बघत राहिले. आणि मग आत्याबाई बोलायला लागल्या. हळू आवाजात, इतक्या हळू की मलासुद्धा नीट ऐकू येत नव्हतं.

दुपार होत आली तेव्हा आमचे हे तणतणत वर्कशॉपमधनं आले. कोण साताऱ्याचं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, जोती मिस्त्रीच पाहिजेत म्हणून. "आबा कुठं हायत? आजारी पडले काय?"

मी दारातच त्यांना अडवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुजबुजत बोलले.

"आज येणार न्हाईत ते," मी म्हटलं. "ऐकायला बसलेत."